अठ्ठाविसावं डोकं

मंगळूवर लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही, आणि मला लिहायची सवयही नाही. पोस्टाची पत्रं वाटण्यात माझी सगळी नोकरी गेली. हातातलं लिखाण नेहमी दुसऱ्यांचंच असायचं. काही चुकलं तर पाड्यातली माणसं सांगतीलच.

जामसरच्या बाजूला आमचा पाडा आहे. मंगळू पाड्यातल्या सगळ्यांच्या शेळ्या चारतो. त्याला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एक शेळी हरवलेली नाही. दोन बिबट्याने नेल्या, पण कुठल्या ओहोळापाशी नेल्या ते त्याला ठाऊक आहे, म्हणून त्या तो हरवलेल्यांत धरत नाही. त्याला ना शेत ना घराला धड कूड. लोक त्याच्या स्वाधीन शेळ्या करतात, तेवढीच त्याची इस्टेट.

आणि तो शेळ्या मोजत नाही. संध्याकाळी कळप पाड्यात शिरताना वाटेच्या कडेला उभा राहून नुसता बघतो. "पुष्पाची कानफाटी मागं राहिली," म्हणतो आणि माघारी जातो. मी एकदा विचारलं, मोजत का नाहीस? म्हणाला, "मोजून काय कलतं? एक कमी. पन कोन कमी, ते आकडा सांगतो का?"

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेवर प्राजक्ता मॅडम आल्या. सोमवारी रुजू झाल्या आणि शनिवारी दप्तराविना शाळा भरवून पोरांना परिसर दाखवायचा, असं पत्रक त्यांच्या हातात पडलं. दाभोशाच्या नदीवर जायचं ठरलं. सोबत दोन जबाबदार माणसं हवी होती. मला वाचता येतं म्हणून मला घेतलं, मंगळूला रान कळतं म्हणून त्याला. त्या दिवशी शेळ्या त्याच्या बायकोने, गोदीने नेल्या. जाताना ती म्हणाली, "दोन पायांची हायेत, जपा. ती जास्त पलतात."

सकाळी एवढं धुकं होतं की शाळेची घंटा दिसत नव्हती. जगनचा टेम्पो आला, वर ताडपत्री. आत अंधारात पोरं एकमेकांना चिकटून बसली, डोक्याला माकडटोप्या, अंगावर आयांच्या शाली. मॅडम आत चढल्या आणि प्रत्येक टोपीवर हात ठेवत मोजत गेल्या.

"अठ्ठावीस! पटावर अठ्ठावीस, हजर अठ्ठावीस. पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के!"

मंगळू खाली उभा राहून आत बघत होता. म्हणाला, "रूपेश नाय."

"अहो काका, आत्ताच मोजले ना मी. अठ्ठावीस बरोबर आहेत."

मंगळूने माझ्याकडे पाहिलं. यादी माझ्या हातात होती. आकडा जुळला होता, मॅडम शिकलेल्या, आणि मला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. मी रूपेशच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

नदीवर ऊन आलं. मॅडमनी प्रत्येकाला एक छापील कागद दिला. पानं गोळा करा, झाडाचं नाव लिहा, वर्गीकरण करा. कागदावर दहा रकाने होते. पोरांनी पाऊण तासात पोतं भरून पानं आणली. त्यातल्या निम्म्या झाडांची नावं मॅडमना माहीत नव्हती. त्या पान उचलायच्या, पोरं नाव सांगायची, मॅडम लिहून घ्यायच्या. कोणाची परीक्षा चालली आहे ते कळत नव्हतं.

"आता वर्गीकरण कसं करायचं?" मॅडमनी विचारलं.

मंगळू म्हणाला, "सोपं हाय. शेली खाते, शेली खात नाय."

"काका, असं नसतं. पानाची कड, शिरा, आकार..."

"साग खात नाय. निरगुडी खात नाय. घानेरी खात नाय. बाकी समदं खाते."

मॅडम हसल्या आणि पोतं टेम्पोत ठेवायला सांगितलं, वर्गीकरण शाळेत करू म्हणून. जगन पुढच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून झोपला होता. कमलेशने, चौथीतल्या पोराने, पोतं त्याच्या शेजारी टाकलं आणि दार उघडंच ठेवून आला.

जेवायच्या आधी मॅडमनी परत मोजले. सत्तावीस.

पुन्हा मोजले. सत्तावीस. ओळ लावून मोजले तर सव्वीस, कारण सोम्या शेंबूड पुसायला झाडामागे गेला होता. तो आला, सत्तावीस. मॅडमचा चेहरा उतरला. त्या काठावर जाऊन पाण्यात वाकून बघू लागल्या.

"पोरं सगली हायेत," मंगळू दगडावर बसून म्हणाला.

"सगळी कशी? एक कमी आहे!"

"कोन?"

"तेच तर शोधायचंय!"

मॅडमनी पोरांचे गट केले आणि शोधायला लावले. कोण हरवलं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून पोरं "ए अठ्ठावीऽऽस! ए अठ्ठावीऽऽस!" अशा हाका मारत झुडपं धुंडाळू लागली. पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका काम सोडून बघत राहिल्या. कमलेश मॅडमजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, रडू नका. तिकडं गावातली पोरं पवतात. त्यातला एक आनू का?"

मग मॅडमना यादी आठवली. मी नावं वाचू लागलो. प्रत्येक नावाला "हजर" येत होतं. रूपेशच्या नावाला काहीच आलं नाही.

"रूपेश कुठाय?" मॅडम ओरडल्या.

"तो वीटभट्टीवर गेला," पोरं एका सुरात म्हणाली. "गुरुवारीच. आयबापासंगं. भिवंडीकडं."

"मग सकाळी अठ्ठाविसावं कोण होतं?"

तिसरीतली चंदा एकदम हुंदके देऊ लागली. "मॅडम, मी रामीला आनली होती."

"रामी? कितवीत आहे?"

"कितवीत नाय. आजीची पाठ हाय. तिची आय मेली. तिला बाटलीनं दूध द्यावं लागतं. थंडी वाजत होती, म्हनून माझी टोपी घातली."

मॅडम मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. "पाठ म्हणजे शेळीचं पिल्लू! देवा, कोणी हरवलंच नाही!"

मंगळू मात्र उभा राहिला होता. "चंदा, रामी कुठं हाय?"

"पानं तोडताना खाली ठेवली. मग दिसली नाय."

मी मंगळूला चाळीस वर्षं ओळखतो, पण त्याचं तोंड असं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. चंदाची आजी हिराबाई एकटी म्हातारी, तिच्याकडे तेवढं एकच जनावर उरलेलं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमचं सापडलं. माझं हरवलं."

"काका, तुमच्याकडे तर मुलं दिली होती."

"तेच चुकलं. आज मी नुसती पोरंच बघितली."

तो काठाने धावत सुटला. साठीचा माणूस, अनवाणी, तोंडाने पाठीला बोलावतात तसा आवाज काढत. पोरं जेवण टाकून त्याच्यामागे गेली. मॅडमही गेल्या, चपला हातात घेऊन. या वेळी हाक मारायला नाव होतं.

मी मागे राहिलो, पळायचं वय नाही. जरा टेकायला म्हणून टेम्पोपाशी आलो तेव्हा आतून जगन किंचाळला. तोंडावरचा टॉवेल कोणीतरी चघळत होतं.

रामी सीटवर उभी होती, टोपी एका कानावर लोंबत होती, पोट ढोलकीसारखं. पोतं आडवं पडलं होतं. मी मंगळूला हाक मारली, आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी ओरडलो नव्हतो.

तो धापा टाकत आला. तिला उचललं, आधी तिचं तोंड उघडून आत बघितलं, मग पोत्यात हात घातला. सागाची पानं होती, निरगुडी होती, घाणेरी होती. एकूण एक पान जागच्या जागी. बाकी काही नव्हतं.

मॅडम कितीतरी वेळ पोत्यात बघत राहिल्या. मग पोरांना म्हणाल्या, "कागद काढा. दोन रकाने पाडा." आणि वरती काय लिहायचं ते त्यांनी मंगळूला विचारलं.

पाड्यावर परतलो तेव्हा मंगळू रामीला घेऊन सरळ हिराबाईकडे गेला. पोरांनी सांगायच्या आत त्यानेच सांगितलं, "हिराबाय, आज एक घडी रामी कुठं हाय ते मला ठावं नव्हतं. तुला दुसऱ्याकडं चारायला द्यायची तर दे."

हिराबाईने पाठीच्या पोटाला हात लावून बघितला. "दूध पिऊन मरत होती, आज पोटभर पाला खाऊन आली. दुसऱ्याकडं कशाला देऊ? उद्या बी ने. पन टोपी काढ, पोरीला परत दे."

पुढच्या शनिवारी पोरं टेम्पोत चढत होती. मॅडमनी टोप्यांना हात लावला नाही. त्या खाली उतरून मंगळूच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"कोण नाही, काका?"

मंगळूने आत एकदा बघितलं, मग शालींच्या आत वाकून दुसऱ्यांदा बघितलं.

"रूपेश नाय," तो म्हणाला.

मी मागच्या शनिवारची खूण खोडली आणि नावापुढे फुली मारली.