लाल बटण मी नंतर दाबलं

देव, चमत्कार असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, एवढंच म्हटलं तर कमी होईल. मी त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटायचो. वडील कामगार संघटनेतले; आमच्या घरी शेंगदाण्याच्या पुड्यासुद्धा जुन्या पत्रकांच्या बांधलेल्या असायच्या. माझ्या शेवटच्या पत्रकात पहिलीच ओळ होती — "देव म्हणजे सेफ्टी गार्ड नव्हे. गार्ड मागा!" गार्ड म्हणजे मशीनच्या तोंडावरची, हात आत जाऊ न देणारी जाळी.

ठिकाण भोसरी एमआयडीसी. पत्र्याच्या शेडमधलं छोटं वर्कशॉप, चार पॉवर प्रेस. वरचा जड ठोकळा दणकन खाली येतो आणि पत्रा कापतो. त्याला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची — म्हणजे हात आत राहूच नयेत. पण तसं केलं की काम हळू होतं. म्हणून आमच्याकडे बाकी सगळेच एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात आणि एका हातावर उरकतात. माझं ते पत्रक त्या पाचरीबद्दलही होतं.

माझ्यासोबत कमळाक्का असायच्या. चाकणकडच्या, पन्नाशीच्या. मी बटण दाबायचं, त्यांनी कापलेला तुकडा चिमट्यानं बाहेर काढायचा. शिफ्ट सुरू होताना मशीनला हात लावून तो कपाळाला लावायच्या. "खंडेराया, धा बोटं घिऊन आले, धाच घिऊन जाऊ दे."

"अक्का, खंडोबाचा मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट आहे का?"

"हाय की. तुझ्या पत्रकापरीस जुना हाय."

त्या दिवशी आमच्या मशीनवरची दुसऱ्या शिफ्टची माणसं आलीच नाहीत. आम्ही दोघं थांबलो. चारच्या पुढे माझे खांदे उचलेनात... आणि मी पाचर ठोकली. हो, मी.

"काय पत्रकवाले, ह्ये काय?"

"आजच्या दिवस, अक्का."

थोड्या वेळानं एक तुकडा आत अडकला. "थांब रं, चिमट्याला येत न्हाई," म्हणत अक्कांनी हात आत घातला. मी ते ऐकलं. नीट ऐकलं. पण सकाळपासून एकाच तालात चाललेला माझा उजवा हात बटणावर पडलाच.

फुस्स... ठोकळा सुटल्याचा तो हवेचा आवाज. अक्कांचा हातमोजा पत्र्याच्या काठात अडकलेला. त्या ओरडल्या नाहीत. हात ओढायची धडपडही केली नाही. "देवा, तू हायस," एवढंच म्हणाल्या. दाराशी आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

ठोकळा थांबला. बोटांच्या वर, काडेपेटी मावेल एवढ्यावर. मोटर चालू, ठोकळ्याला खाली ढकलणारं मोठं चाक फिरतंय... आणि ठोकळा थांबलेला.

मग मला मशीन एकदम बंद करायचं लाल बटण आठवलं. मग मी ते दाबलं.

बाकीच्या मशीनवरचे धावत आले. "भावा, वाचवलंस राव अक्कांना!" पाठीवर थापा पडल्या. मी पाचर हळूच काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं सगळं तपासलं. हवेचा दाब ठीक, वायरिंग ठीक. "सुटला की खाली येणारच राव. तू बटण दाबलंस म्हणून थांबला, अजून काय?" मशीन दिवसभर चालवलं. एकदाही अडलं नाही.

चार दिवस झोप नाही. पाचव्या दिवशी चहाच्या सुट्टीत अक्कांना सांगितलं, "लाल बटण मी नंतर दाबलं. आधीच थांबला होता तो."

"ठावं हाय. मी बघत व्हते न्हवं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलतोस का, त्ये बघत व्हते." त्यांनी कप खाली ठेवला. "तुजा त्यो गार्डचा अर्ज आण. सही करते."

याआधी दोन वेळा त्यांनी तो सही न करताच परत केला होता. मी म्हणालो, "आता कशाला? तुमचा देव आहे की."

"हाय. म्हणून काय त्याला रोज ओव्हरटाइम लावायचा?"

अर्ज मालकांना दिला. गार्ड अजून आलेले नाहीत, पुन्हा देऊ. पत्रकातली ती ओळही मी खोडलेली नाही, कारण ती खरी आहे. पण ठोकळा का थांबला, हे मला आजही माहीत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा. मी थकलो विचार करून.

आता शिफ्ट सुरू होताना मी दोन्ही बटणं चाचपून बघतो. अक्का हात कपाळाला लावतात. त्यांचं होईपर्यंत मी मशीन सुरू करत नाही.