उत्तरार्ध माझ्याकडे होता

डुलीचंदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा पुस्तकाचा उत्तरार्ध माझ्याकडे होता. सकाळची वेळ होती, मी अकरावीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. पलीकडून फुलवंतावहिनी एवढंच म्हणाल्या की, मॅडम, तुमचे भाऊ गेले. रडण्याऐवजी मी टेबलाचा खण उघडला आणि आतली ती अर्धी कादंबरी नुसती बघत राहिले. ते अर्धं पुस्तक मी त्यांना मुद्दाम दिलं नव्हतं. तीन आठवडे 'माझं वाचून व्हायचंय' अशी धडधडीत थाप मारत होते. आता सव्वा महिना होऊन गेला, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भाऊ गोंदियातल्या एका उसना राइस मिलमध्ये बॉयलर सांभाळायचे. उसना म्हणजे उकडा तांदूळ; त्याला वाफ लागते, त्या वाफेचे हे धनी. धानाचा भुसा भट्टीत ढकलायचा, काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची, आणि मधल्या वेळात कादंबरी वाचायची. आणि कादंबरी तरी कसली? वाफेवर उडणारी जहाजं, पितळी चाकांचे घोडे, दातेरी चक्रांच्या पोटात राहणारे राक्षस, असलं सगळं. इंग्रजी कसं जमतं, असं मी एकदा भोचकपणे विचारलं होतं. बॉयलरचं मॅन्युअल समजते तं राक्षस काऊन नाही समजणार, असं त्यांनी मलाच विचारलं. मी आमगावला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. पण माझ्या स्टाफरूममध्ये या पुस्तकांना 'पोरांची पुस्तकं' म्हणतात आणि मी नाक फुगवून गप्प बसते. त्यामुळे पन्नाशीतल्या बाईला साठीतला हा बॉयलरवाला मैत्र म्हणून मिळाला, यात मला तरी नवल वाटत नाही.

आमची ओळखच भांडणातून झाली. गोंदियात रद्दीच्या दुकानात एका ढिगातून मी एक जाडजूड कादंबरी ओढली, तर तिचं दुसरं टोक एका राखेनं माखलेल्या हातात होतं. मी म्हटलं, आधी मी पाहिली. ते म्हणाले, मी कालच पाहून ठेवली होती. दुकानदार कंटाळून चहा प्यायला निघून गेला. मी मास्तरकी आवाज काढला, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. शेवटी भाऊंनी पिशवीतून पोती शिवायचा दाभण आणि सुतळी काढली, खिशातून चाकू काढला, आणि मी 'अहो, अहो' करेपर्यंत पुस्तकाचे मधोमध दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांना तांदळाच्या पोत्यासारखी टाके घालून शिवण मारली आणि पूर्वार्ध माझ्या हातात ठेवला. मी इतकी संतापले होते की घरी येईपर्यंत एक ओळ वाचली नाही. घरी आल्यावर मात्र जेवण विसरले. तेव्हापासून बारा वर्षं आमची सगळी पुस्तकं अशीच अर्धी-अर्धी फिरली. नियम एकच होता. पूर्वार्ध दोघांचा वाचून झाल्याशिवाय उत्तरार्ध हलायचा नाही.

पण खरी मजा वाचण्यात नव्हती, पुढचं कोणतं वाचायचं हे ठरवण्यात होती. त्यात आमचे महिने जायचे. मिलमध्ये धान आलं की पोत्यात लोखंडी परखी खुपसून वरचे, मधले, खालचे दाणे काढून बघतात. भाऊ पुस्तकालाही परखी लावायचे. सुरुवातीचं एक पान, मधलं एक, आणि शेवटाकडचं एक. मी ओरडायचे की शेवटाकडचं पान वाचणं हा गुन्हा आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं की पोत्याच्या तळाशीच तर खडे भरलेले असतात. या परखीपायी एकदा त्यांना पहिल्याच दिवशी कळलं की नायिकेचा मामाच खलनायक आहे. बिचाऱ्यांनी महिनाभर ते पोटात ठेवलं. मी फोनवर त्या मामाचं कौतुक करायचे आणि ते नुसतं 'हो हो' म्हणत खोकायचे. मामाचं बिंग फुटलं त्या दिवशी मी त्यांना फोनवर जे काही बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. ते मात्र सुटलो एकदाचा म्हणून हसत होते.

परखीनंतर एकच प्रश्न असायचा. पाणी कुठून येते? लेखकानं वाफेचं जहाज सात समुद्रांवरून उडवलं आणि टाकीत पाणी कधी भरलं ते सांगितलं नाही, की पुस्तक बाद. अशी किती तरी गाजलेली पुस्तकं त्यांनी बाजूला सारली. मी चिडून म्हणायचे की अहो भाऊ, यात ड्रॅगन चालतो, मग बिनपाण्याचा बॉयलर का नाही चालत? ते शांतपणे म्हणायचे की ड्रॅगन आपण पाहिला नाही, बॉयलर पाहिला आहे. फुलवंतावहिनी चहाचे कप ठेवत आम्हा दोघांकडे बघायच्या आणि म्हणायच्या की हे दोघं लेकरांच्याही पलीकडे गेले. वहिनींना वाचता फार येत नाही, आणि या भुताखेतांच्या गोष्टींचा त्यांना राग आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

यंदा उन्हाळा सरता सरता नागपूरच्या डॉक्टरांनी भाऊंच्या पोटातला आजार फार पुढे गेल्याचं सांगितलं. मी तीन पुस्तकं घेऊन त्यांच्याकडे गेले. दोन पातळ होती. शहाणपणानं, मनातल्या मनात दिवस मोजून निवडलेली. तिसरं सहाशे पानांचं, ते मी कशाला नेलं कुणास ठाऊक. भाऊंनी ती दोन पातळ पुस्तकं हातात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढवला.

"मॅडम, मले पातळ पुस्तक कायले देऊन राहिल्या? मी मरून राहिलो, आंधळा नाही झालो."

मी पातळ पुस्तकं परत पिशवीत टाकली. त्यांनी जाड्या पुस्तकाला परखी लावली आणि तिसऱ्या पानावरच त्यांचा चेहरा खुलला. त्यात तांब्याच्या पोटाचं एक वाफेचं जहाज होतं आणि त्याची भट्टी सांभाळणारी एक पोट्टी होती, जी दर पानाला पाण्याचा हिशेब करत होती. हेच, म्हणाले. त्यांच्या हातांत आता जोर नव्हता, म्हणून चाकू मी चालवला, टाके त्यांनी सांगितले तसे मी घातले. वेडेवाकडे आले. त्यावरून त्यांनी मला मनसोक्त चिडवलं... इंग्रजी शिकवणारीला सरळ टाका येत नाही म्हणून.

उत्तरार्ध मी घरी आणला; पूर्वार्ध त्यांनी पंधरा दिवसांत संपवून माझ्याकडे पाठवला. त्याच्या शेवटी जहाज वाळवंटावर येतं आणि टाकी कोरडी पडते. भट्टी पेटलेली, खाली वाळू, वर ढगाचा ठिपका नाही. मी चार दिवसांत वाचला. आणि मग माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. उत्तरार्ध माझ्याकडे आहे तोवर हा माणूस कुठे जात नाही. गोष्ट अर्धी टाकून भाऊ जाणारच नाहीत. ते फोन करायचे, आवाज खोल गेलेला, पण प्रश्न तोच, की मॅडम, झालं का? आणि मी म्हणायचे, नाही हो भाऊ, पेपर आहेत ना. शिकलेली बाई मी, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेते. आणि भाऊ गेलेच. त्यांचं जहाज मी वाळवंटावर लटकत ठेवलं, हे मला रात्रंदिवस टोचत राहिलं. ते पुढचं अर्धं पुस्तक उघडायची माझी हिंमत होईना.

तेरवी झाल्यावर आठवड्यानं फुलवंतावहिनी स्वतःच माझ्याकडे आल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या की ते बाकीचं पुस्तक काढा, मला ऐकायचं आहे. मला वाटलं, भाऊंची इच्छा राहिली म्हणून आल्या असतील. मी रडायला लागले आणि सगळं कबूल केलं, थापेसकट. वहिनी पदरानं घाम पुसत ऐकत होत्या. मग शांतपणे म्हणाल्या, "त्याइले मालूम होतं. म्हणत, मॅडम काही देत नाही, तं आपणच पुढं जाऊ."

आणि ते खरंच गोष्टीत पुढे गेले होते! बारा वर्षं रोज जेवताना ते वहिनींना त्या त्या पुस्तकाची गोष्ट सांगत होते, आणि मला याचा पत्ताच नव्हता. माझ्याकडून उत्तरार्ध येईना, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तो स्वतःच रचला. त्यांच्या गोष्टीत ती पोट्टी जहाजावरची सगळी ताटं, पराती, झाकणं गोळा करते आणि बाहेर पडणाऱ्या वाफेसमोर टांगते. वाफ थंड भांड्यांवर निवते, तिचं थेंब थेंब पाणी होऊन परत टाकीत जातं. वाफ वाया घालवायची नाही, हे बॉयलरवाल्याचं पहिलं व्रत. तेवढ्या पाण्यावर जहाज वाळवंट ओलांडतं, डोंगर ओलांडतं, आणि कुठे उतरतं? केशोरीजवळ, वहिनींच्या माहेरच्या बोडीत. वहिनींनी हरकत घेतली होती म्हणे, की आमच्या गावचं ते तळं एवढं मोठं नाही. त्यावर भाऊ म्हणाले, पाऊस सरल्यावर भरलेली असते तेव्हा उतरवतो. मग वहिनींच्या आईनं त्या पोट्टीला भात वाढला. वहिनींची आई जाऊन वीस वर्षं झाली... पण गोष्टीत ती होती, आणि पोट्टीला आग्रह करत होती.

मी डोळे पुसून खण उघडला. पाच दिवस, रोज दुपारी, वहिनींना मी छापील उत्तरार्ध मराठीत करून सांगितला. लेखकानं इतकी पानं पाण्याचा हिशेब ठेवला आणि ऐन वेळी माती खाल्ली. एक म्हातारा जादूगार येतो, काठी फिरवतो, धो धो पाऊस पडतो आणि टाकी भरते. पुस्तक मिटलं तेव्हा वहिनींनी ते माझ्या हातातून घेऊन बाजूला सारलं.

"याले बॉयलर नाही समजत," त्या म्हणाल्या. "त्याइचं चांगलं होतं."

आम्ही दोघी हसत सुटलो. कितीतरी दिवसांनी मी इतकी हसले. चहा झाल्यावर मी विचारलं की आता पुढचं कोणतं घ्यायचं, आणि त्यांच्यापुढे चार पुस्तकं मांडली. वहिनींनी एकेकाचं मुखपृष्ठ निरखलं आणि ज्यावर पितळी पंखांची एक म्हातारी होती ते माझ्याकडे सरकवलं.

"हे घ्या. पण मॅडम, अर्धंच वाचजा. बाकीचं मी सांगीन."