डाव्या हाताचं स्वयंपाकघर

सगळी इमारत तिला टाकेवाली वहिनी म्हणायची. तुम्ही जुने कपडे आणून द्या, वहिनी त्यांची अशी गोधडी शिवणार की तुमची आत्या, तुमचं बालपण, सगळं त्यात सापडावं. स्वतःच्या हातावर तिचा भारी भरवसा. देवाचं नाव घेऊन कात्री लावली की मग मागेपुढे बघणं नाही.

जुनं घर विकून सासरे तिच्याकडे राहायला आले आणि त्यांची झोपच उडाली. नजर अधू झालेली. भिंत चाचपत दार शोधायचे आणि कपाटावर आदळायचे. दिवसभर एकच धोशा, मला माझ्या घरी सोडा. नवरा समजूत घालून थकला. वहिनी म्हणाली, घर मी इथेच आणते.

तिथले पडदे, चादरी, अभ्रे तिने जपून ठेवलेच होते. त्यांतून तिने गोधडीवर जुन्या घराच्या खोल्या नकाशासारख्या मांडल्या. स्वयंपाकघराला तिथलाच जाडाभरडा पडदा, सासूबाईंच्या खोलीला त्यांची मऊ शाल. नेहमीच्या सवयीने तुकडे पालथे घालून टाचले, शिवले, आणि गोधडी सुलटी करून सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

ते बराच वेळ हात फिरवत राहिले.

"सूनबाई, दारातून आत आलं की स्वयंपाकघर डाव्या हाताला. तू उजवीकडे नेलंस. पाणी प्यायला निघालो तर मी न्हाणीघरात पोचेन."

नवरा फिसकन हसला. राहू दे, कोण बघतंय, म्हणाला. पालथं शिवलेलं सुलटं केल्यावर डावं-उजवं फिरलं होतं; वहिनी जरा ओशाळली, पण लगेच उसवायला बसली आणि सासऱ्यांना शेजारी बसवून घेतलं. मग काय, त्यांच्या तोंडाला खळ नाही. शाल स्वयंपाकघराला चिकटूनच हवी, दूध उतू गेलेलं तुझ्या सासूला पलंगावर कळायचं. पायऱ्या चांगल्या रुंद कर, आम्ही दोघं तिथे बसायचो.

पायऱ्यांना मात्र कापड पुरेना.

"तुझ्या घरातलं लाव की काहीतरी," सासरे म्हणाले.

"कुणाच्या घरातलं, अप्पा?"

"बरं बाई, आपल्या."

वहिनीने तडक बाल्कनीचा नवाकोरा पडदा उतरवला. नवरा हां हां म्हणत धावून येईपर्यंत कात्री अर्ध्यावर गेली होती. पडद्याचं नंतर बघू, ती म्हणाली, आधी आवाज खाली करा. शेवटचा टाका घालेपर्यंत सासरे पायऱ्यांवर हात ठेवून भर दुपारी घोरत होते.