हिरव्या तारखेची सहल

लिफ्टवाल्याचा यंत्रांवर विश्वास होता, पण सरसकट नाही. ज्या यंत्राचं पोट आपण स्वतः उघडून पाहिलेलं नाही, त्यात पाय ठेवायचा नाही, असा त्याचा नेम होता. त्यामुळे शहरातल्या निम्म्या इमारतींत तो लिफ्टने जाई आणि उरलेल्या निम्म्यांत, जिथल्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे नव्हे, दुसऱ्या कंपनीकडे होती, जिन्याने. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट परक्या कंपनीची. म्हणून त्याची एक दाढ बरेच दिवस किडत पडली होती. बायको याला हट्ट म्हणे, तो अनुभव म्हणे.

एरवी माणूस सरळ. फक्त कुठलीही वस्तू तिच्या ऐन हंगामात घेणं त्याला कमीपणाचं वाटे. पंखा थंडीत घ्यावा, स्वेटर उन्हाळ्यात. लग्नाच्या वाढदिवसाची भेट बायकोला दरवर्षी मिळायची, पण सेल लागल्यावर, म्हणजे सव्वा महिन्याने. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. मुदत उलटलेल्या गोष्टी ओळखण्याची तिला सवय होती, त्यामुळे ती भेट घेई आणि गप्प बसे.

सासरे त्यांच्याकडेच राहत. उभी हयात त्यांनी बस चालवली होती. ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी डोक्यावर घेऊन इतकी वर्षं काढल्यावर माणूस मितभाषी होणारच. म्हणून एका रविवारी जेवताना ते आपणहून बोलले, तेव्हा सगळ्यांचे घास हातात राहिले.

“मला यात बसायचंय,” ते म्हणाले.

हातात नातीचा फोन होता. फोनमध्ये रोलर कोस्टर होता: एक लांबलचक गाडी, आत किंचाळणारी माणसं, खाली आभाळ.

“बाबा, हे काय आता?” बायको म्हणाली.

“आयुष्यभर ब्रेक मीच दाबला. एकदा बिनब्रेकच्या गाडीत बसायचंय. मागे बसून. हात मांडीवर ठेवून.”

“ब्रेक असतात, मामा,” लिफ्टवाला म्हणाला. चुकीची तांत्रिक माहिती त्याला घास गिळू देत नसे. “रुळांना असतात.”

“गाडीत नसतात ना? झालं तर मग.”

नात आठवीत होती. नियम शोधून काढणं हे त्या वयाचं मुख्य काम. तिने तिथल्या तिथे वाचून दाखवलं, “सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना बसता येणार नाही. आजोबा, तुम्हाला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सत्तर पूर्ण होतात!”

“मग एकोणीसपर्यंत चालेल,” सासरे म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. त्यांच्या बाजूने विषय मिटला होता.

लिफ्टवाल्याच्या बाजूने तो त्या रात्रीपासून सुरू झाला. तो रोलर कोस्टर असलेल्या मनोरंजन पार्कला एक दर नव्हता, प्रत्येक तारखेचा दर वेगळा होता. अॅपमध्ये महिना उघडला की चौकोन दिसत: हिरवे स्वस्त, पिवळे मध्यम, लाल महाग. शनिवार-रविवार लालभडक. लिफ्टवाला हरखला. आपल्याला आजवर जे एकट्याला कळत होतं, ते एवढ्या मोठ्या कंपनीलाही कळतं, याचा त्याला मनापासून आनंद झाला.

मग घराची सुट्टी त्या चौकोनांच्या हातात गेली. आधी सहल मंगळवारी ठरली, पण बायकोच्या दुकानात त्या दिवशी मालाची गाडी येई. दुसरा सोमवार निघाला, तेव्हा मुलीची चाचणी निघाली. पार्क हिरवं असेल तेव्हा लॉज लाल, लॉज हिरवं असेल तेव्हा बसचं तिकीट पिवळं. रोज सकाळी चहाचा कप एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात धरून तो शेअर बाजारातल्या माणसासारखा बसे.

“अहो, सरळ रविवारी जाऊ या ना,” बायको म्हणे. “माणसं जातात रविवारी.”

“तीच तर चूक करतात.”

“बाबांची वीस तारीख सरकत नाहीये. तेवढी एकच तारीख आहे जिला रंग नाही.”

“एकोणीसच्या आत बसवतो. शब्द दिला.”

अखेर मिळाला. तेरा तारखेचा गुरुवार. पार्क हिरवं, लॉज हिरवं, बस हिरवी, आणि तेही चाचणीनंतर. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी, म्हणून मुलीची एकाच दिवसाची शाळा बुडणार होती. बायकोने दुकानातल्या मैत्रिणीशी पाळी बदलून घेतली. लिफ्टवाल्याने चार तिकिटं काढली आणि पोरीला स्क्रीन दाखवला.

“एवढं सगळं एकाच दिवशी स्वस्त कसं काय, बाबा?”

“शोधणाऱ्याला मिळतं,” तो म्हणाला.

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत काही सूचना होत्या. त्या त्याने वाचल्या नाहीत. तशाच सूचना तो स्वतः लिफ्टच्या दारांवर चिकटवत आला होता आणि त्या कुणी वाचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

गुरुवारी पार्क जवळजवळ रिकामं होतं. फाटकापाशी रांग नाही, पाळण्यांपाशी रांग नाही. लिफ्टवाला छाती काढून पुढे चालला होता. रोलर कोस्टरपाशीही रांग नव्हती. दोरी होती, आणि दोरीला पाटी: ‘देखभाल सुरू. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

पाटीमागे उंचावर पट्ट्यांना लटकलेली दोन माणसं रुळाचे नट आवळत होती. दोरीजवळ गणवेशातला एक रखवालदार स्टुलावर बसला होता.

“आजच कशी बंद?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“आज गर्दी कमी असते ना साहेब, म्हणून सर्व्हिसिंगला आजच काढतात,” रखवालदार समजुतीने म्हणाला. “उद्या सुट्टीची गर्दी. उद्या जोरात चालू.”

हे वाक्य लिफ्टवाला उभ्या आयुष्यात शेकडो जिन्यांवर, भाजीच्या पिशव्या घेऊन धापा टाकणाऱ्या शेकडो माणसांना बोलला होता. गर्दी कमी असेल तो दिवस निवडायचा आणि यंत्र बंद करायचं, यावरच त्याचं घर चालत होतं. फक्त, आपण जो दिवस निवडला तो कुणीतरी आपल्यासारख्यानेच आधी निवडलेला असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

बायको काही बोलली नाही. ती बोलली नाही की लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं होई: दिवा चालू, पंखा चालू, हालचाल नाही.

उरलेला दिवस त्यांनी जे चालू होतं त्यात काढला. सासरे नातीबरोबर लहान मुलांच्या आगगाडीत बसले आणि उतरल्यावर म्हणाले, “वळण फार रुंद घेतो.” मग ते त्या मोठ्या रुळाखालच्या बाकावर जाऊन बसले आणि नट आवळणाऱ्यांकडे बघत राहिले. संध्याकाळी लिफ्टवाला शेजारी येऊन बसला.

“असू दे, जावईबापू,” सासरे म्हणाले. “खालूनही चांगलं दिसतं.”

टोमणा असता तर परतवता आला असता. हा टोमणा नव्हता. लिफ्टवाला उठला आणि तिकीटखिडकीवर गेला.

“उद्याचं तिकीट काय आहे?”

खिडकीतल्या बाईंनी आकडा सांगितला. त्याने पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तोच सांगितला. आजच्या चार तिकिटांत उद्याचं दीड येत होतं.

“एक द्या.”

“कुणासाठी?”

“सासऱ्यांसाठी. मोठ्या गाडीत बसायचंय. एकोणसत्तर वर्षांचे आहेत,” तो म्हणाला, आणि घाईने पुस्ती जोडली, “अजून.”

“मग सोबत एक मोठं माणूस लागेल. ज्येष्ठांना एकटं सोडत नाहीत.”

लिफ्टवाल्याने वळून मागे येऊन उभ्या राहिलेल्या कुटुंबाकडे पाहिलं. मुलगी मोठ्या माणसांत मोडत नव्हती. बायकोच्या मानेला दोन वर्षांपासून पट्टा होता. तिने तो दोन बोटांनी दाखवला आणि आभाळाकडे पाहू लागली. त्याने वर रुळांकडे पाहिलं. त्या यंत्राचं पोट त्याने उघडलेलं नव्हतं. पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

“दोन,” तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

शुक्रवारी परतीची बस संध्याकाळची करून घेतली. बायको आणि मुलगी कुंपणाबाहेरच्या चहाच्या टपरीवर थांबल्या. आत लाल तारखेची दोन माणसं गेली. रांग साप होऊन तीनदा वळली होती. ऊन वर आलं. सासरे मुंगीच्या पावलाने, तक्रार न करता पुढे सरकत होते. वाहतुकीत अडकणं हा त्यांचा जुना व्यवसाय होता. लिफ्टवाला प्रत्येक खांबाचे बोल्ट तपासत होता.

“काल मी स्वतः बघितलंय,” सासरे म्हणाले. “दोघं चांगले आवळत होते.”

“मामा, मला बोलायला लावू नका.”

शेवटी बसले. सासऱ्यांनी हात मांडीवर ठेवले. गाडी कटकट करत चढणीला लागली. तो आवाज कसला, हे लिफ्टवाल्याला ठाऊक होतं आणि त्याने काडीचाही दिलासा मिळत नव्हता. माथ्यावर ती क्षणभर थांबली. खाली कुंपण, टपरी, एक पट्ट्याची मान आणि शेजारी हलणारा एक हात दिसला. मग काही दिसलं नाही.

उतरल्यावर लिफ्टवाला कठडा धरून उभा राहिला. सासरे केस नीट करत कुंपणाकडे गेले. पलीकडून लेक आणि नात धावत आल्या.

“कसं होतं, बाबा?”

सासऱ्यांनी थोडा विचार केला.

“तुझा नवरा चांगला माणूस आहे,” ते म्हणाले. “वरून खाली येताना सगळी माणसं देवाला हाका मारत होती. याने तुला मारली.”

बायकोने कठड्यापाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. असलं काही त्याच्याकडून सेलची वाट न पाहता, वेळच्या वेळी मिळण्याची ही पहिलीच वेळ.

“काय म्हणाले?”

“‘अगं, थांबव ना ही!’ असं. पहिल्या उतारापासून शेवटपर्यंत.”

“मी कशी थांबवणार? मी तर इथे चहा पीत होते,” ती म्हणाली. पण तिचा हात कुंपणाच्या जाळीवर होता, आणि तिथेच राहिला.

सासरे मागे वळले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेच्या शेपटाकडे बोट दाखवलं. “चला, जावईबापू. तिकीट दिवसभराचं आहे.”

लिफ्टवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं. तिने लेकीला सांगितलं, “बाबांना हात कर,” आणि स्वतःही केला.