फक्त ११० व्होल्ट

त्या लॅपटॉपचं वजन भरलेल्या कुकरइतकं होतं. अमेरिकेतल्या मामेभावाने स्वतःला नवा घेतला आणि सात-आठ वर्षं वापरलेला जुना आमच्याकडे आणून ठेवला. "ताईला प्रबंध लिहायला होईल," असं आईला सांगून तो परत गेला. दोन हजार पाच-सहाचं साल असेल. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत तोवर कुणाकडे लॅपटॉप नव्हता, त्यामुळे पहिले चार दिवस लोक नुसते बघायला आले. पाचव्या दिवशी तो चार्ज होईना. पुढचे आठ महिने मी त्या यंत्राशी जी झटापट केली ती आठवली तरी आजही माझं डोकं उठतं.

मला एम.फिल.चा प्रबंध संपवायचा होता. सकाळी कॉलेजात शिकवायचं, दुपारी घरी यायचं, आणि आल्या आल्या भारनियमन. पंखा बंद, फ्रीज बंद, सगळं बंद. वीज जिथे तयार होते त्या एकलहऱ्याच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसायच्या, धूर सोडत उभ्या असायच्या, आणि खाली आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचो. अशा घरात लॅपटॉपचा उपयोग एकच, बॅटरीवर चालणं. आमची बॅटरी कधी चाळीस टक्के भरायची, कधी अकरा, कधी रात्रभर लावून ठेवूनही आदल्या दिवशीएवढीच. मुळीच चार्ज झाली नसती तर मी नाद सोडला असता. पण ती मधूनमधून व्हायची, आणि तेच जास्त छळायचं.

बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस घरी बसला की त्याचं काय होतं ते मी रोज बघत होते. आई त्यांना भाजीला पाठवायची नाही, कारण ते किडकी वांगी आणायचे. बँकेची कामं भाऊ पुण्याहून परस्पर उरकायचा. पण कॉलनीत कुणाची इस्त्री बिघडली, कुणाचा मिक्सर जळका वास मारायला लागला, की लोक "साहेब आहेत का?" म्हणत आमच्या दारात यायचे. तेवढी एकच गोष्ट त्यांची उरली होती. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही, म्हणूनच लॅपटॉप सरळ दुकानात टाकून मोकळं व्हायचं मला धाडस होत नव्हतं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं ते कधी म्हणाले नसते, पण जेवताना दुसरी पोळी घेतली नसती.

लॅपटॉप आला त्या दिवशीच त्यांनी त्याचा ताबा घेतला होता. त्याला कारण होतं. नव्वदीच्या सुरुवातीला, मी शाळेत असताना, मामाने अमेरिकेहून एक टेपरेकॉर्डर आणला होता. बाबांनी आनंदाच्या भरात तो थेट भिंतीतल्या प्लगला लावला. फट् आवाज झाला, जाळीतून धूर आला आणि एकही गाणं न म्हणता तो टेपरेकॉर्डर संपला. तिकडच्या घरात एकशे दहा व्होल्ट असतात आणि आपल्याकडे दोनशे तीस, हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही, त्या क्षणी लक्षात राहिलं नाही इतकंच. "अहो, तुम्ही तर विजेतलेच ना?" असं मामी हसत हसत म्हणाली. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले होते.

त्यानंतर त्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. दोनशे तीसचे एकशे दहा करणारा, पत्र्याच्या डब्यातला, वरून हिरवा रंग दिलेला. लावायला घरात काहीच नसल्यामुळे तो दहा-बारा वर्षं माळ्यावर पडून होता. लॅपटॉपच्या निमित्ताने तो सन्मानाने खाली उतरला, पुसला गेला आणि माझ्या टेबलाखाली गुणगुणत बसला. ॲडॅप्टरच्या सपाट बाजूला बाबांनी पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : फक्त ११० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. हे लिहून झाल्यावर त्यांनी मला आणि आईला समोर उभं करून ते वाचूनही दाखवलं.

मग सुरू झाले उपचार. आधी त्यांनी बॅटरी काढून तिचे पितळी दात खोडरबरने घासले. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांचं मत पडलं की बॅटरी पूर्ण उतरवून मगच भरायची. म्हणजे मी लिहायला बसले, की ते "अजून उतरू दे" म्हणायचे, आणि उतरली की लाईट गेलेले असायचे. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की बॅटरी गार केली की सुधारते. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. आईने एकदा ती पिशवी लोण्याची समजून बाहेर काढली आणि त्यावरून घरात जे रामायण झालं ते वेगळंच. "तुमची बॅटरी तुमच्या कपाटात ठेवा, माझ्या फ्रीजमध्ये नाही," असं आईने बजावलं.

माझे मार्गदर्शक दर पंधरा दिवसांनी विचारायचे, "किती पानं झाली?" मी बॅटरीचं सांगायचे. ते चष्म्यावरून असे बघायचे, जणू मी कुत्र्याने वही खाल्ल्याचं सांगत होते.

शेवटी बाबांनी स्वतःच परवानगी दिली आणि मी कॉलेज रोडवरच्या एका दुकानात गेले. त्यांच्या सांगण्यावरून ट्रान्सफॉर्मरही बरोबर. एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्या हातात तो हिरवा धोंडा, आणि गर्दीची शहर बस. कंडक्टर म्हणाला, "ताई, लगेज काढा." दुकानदाराने ट्रान्सफॉर्मरसकट सगळं जोडलं आणि चार्जिंगचा दिवा नारिंगी लागला. तासभर नारिंगीच राहिला. बॅटरी निम्म्याहून जास्त भरली. "मॅडम, काहीच प्रॉब्लेम नाहीये," तो म्हणाला, आणि माझ्याकडे त्याने जरा काळजीने पाहिलं. मी घरी आले, संध्याकाळी तेच सगळं तसंच जोडलं, आणि दिवा लागला नाही. त्या दिवशी मी ॲडॅप्टर भिंतीवर आपटायचीच बाकी होते.

बाबा मात्र खचले नाहीत. त्यांनी कंट्रोल रूमची रीत काढली. कंट्रोल रूममध्ये दर तासाला आकडे नोंदवायचे असतात, मग काही घडो न घडो. त्यांनी एका जुन्या डायरीत तक्ता आखला आणि रोज संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन माझ्या टेबलाशी बसायला लागले. वेळ, दिव्याचा रंग आणि भिंतीतल्या प्लगमधलं व्होल्टेज. "१९.०० दिवा नारिंगी, मेन १९८. १९.२० दिवा गेला, मेन १७०. २०.४५ दिवा आला, मेन २००." मी टाईप करायच्या प्रयत्नात, आणि माझ्या कोपराशी बाबांचं पेन कुरकुरतंय. "बाबा, तुम्ही आत बसा ना जरा," असं मी कितीदा तरी म्हटलं. "पाच मिनिटं, रीडिंग घेतो," हे त्यांचं उत्तर.

मग तो रविवार आला. सोमवारी मला शेवटचं प्रकरण द्यायचं होतं आणि बॅटरीत सहा टक्के होते. उन्हं कलली होती, लाईट नुकतेच आले होते, आणि लाईट आले की सगळी कॉलनी एकदम पाण्याच्या मोटारी लावायची. समोरच्या वहिनी इस्त्री घेऊन आल्या होत्या. बाबा व्हरांड्यात ती उघडून त्यांना कॉइल दाखवत होते. मी ॲडॅप्टर हातात घेऊन बसले होते. उष्णतेने चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते मी चाळा म्हणून ओढलं. खाली बारीक छापलेलं होतं : इनपुट शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.

मी ते तीनदा वाचलं. मग बाबांची डायरी ओढली. एकशे सत्तरला दिवा गेला, दोनशेला आला. पानामागून पान तेच. ट्रान्सफॉर्मर आलेल्या व्होल्टेजचं निम्मं करणार. संध्याकाळी घरात एकशे सत्तर, म्हणजे त्या बिचाऱ्या ॲडॅप्टरला मिळत होते ऐंशी. दुकानात व्होल्टेज चांगलं, म्हणून तिथे चालत होतं. उत्तर गेले दोन महिने बाबांच्याच अक्षरात माझ्या कोपराशी पडलेलं होतं.

मी ॲडॅप्टर थेट भिंतीत लावला. बाबांनी व्हरांड्यातून बघितलं आणि "अगं, जाळशील ते!" असं ओरडत ते धावले आणि त्यांनी घराचा मेन स्विचच पाडला. सगळं घर बंद. आणि माझा बांध फुटला.

"बाबा, निदान वाचायचं तरी! इथे छापलंय, बघा. आठ महिने घालवलेत माझे. बत्तीस वर्षं तिथे नेमकं काय करत होतात तुम्ही?"

वहिनी त्यांच्यामागे दारात उभ्या होत्या. त्या खाली बघायला लागल्या.

बाबांनी खिशातून चष्मा काढला. ॲडॅप्टर जवळ धरला, लांब धरला. "हो ग. छापलंय खरं," ते म्हणाले. जाऊन त्यांनी मेन चालू केला. दिवा नारिंगी लागला आणि संध्याकाळभर हलला नाही. वहिनींची इस्त्री त्यांनी तेवढी पुरी करून दिली, आणि मी प्रकरण पूर्ण केलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात कुणीतरी मिक्सर घेऊन आलं. "बाहेरच दाखवा," असं बाबा म्हणाल्याचं मी आतून ऐकलं. "हल्लीच्या वस्तूंचं वेगळं असतं." मिक्सर पंधरा वर्षांचा तरी होता. मी तेव्हा प्रबंधाच्या धावपळीत होते, मला वाटलं कंटाळले असतील. मग लोक यायचे हळूहळू थांबले. माफी मागायची माझ्या मनात रोज यायचं, आणि रोज मी ते पुढे ढकलायचे, की प्रबंध जमा झाला की निवांत बोलू.

प्रबंध जमा झाला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आले. स्वयंपाकघरात स्टुलावर एक अनोळखी इलेक्ट्रिशियन चढला होता आणि बाबा खालून स्टूल धरून उभे होते. ट्यूबलाईट लुकलुकत होती. नुसता स्टार्टर फिरवून काढायचा आणि नवा बसवायचा, एवढंच काम.

"काका, स्टार्टर गेलाय का चोक हाय, कसं वाटतं तुमाला?" त्याने वरून विचारलं.

"तुम्हीच बघा," बाबा म्हणाले. "मला नाही त्यातलं कळत."

ते चिडून बोलले असते, मला ऐकू जावं म्हणून बोलले असते, तर मी भांडले असते, रडले असते, पाया पडले असते. पण मी आल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. ते एका परक्या माणसाला खरं ते सांगत होते. मी पेढ्यांचा पुडा हातात धरून दारात उभी राहिले, आणि बाबा स्टूल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी ते घट्ट धरून होते.