वृंदाची धास्ती

समीरचा फोन आला तेव्हा मी आल्मेरे स्टेशनबाहेर सायकलला कुलूप घालत होते. "वृंदा गेली," एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघावा? "नाचत होती का रे?" जिवलग मैत्रिणीच्या नवऱ्याला असं कुणी विचारतं का... पण तो रागावला नाही. "नाही गं. डब्यात पोळ्या भरत होती," म्हणाला. मी तिथेच फुटपाथवर बसले. वर्षभर ज्या वाटेवर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला, त्या वाटेनं मरण आलंच नव्हतं.

वृंदा पुण्याहून इथल्या एका डच विद्यापीठात संशोधनाला आली आणि समीरबरोबर बुइटनव्हेल्डर्ट नावाच्या वस्तीत राहिली. तिचा विषय ऐकून मी हसले होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या करमणुकीच्या बागा! तिकीट काढून आत जायचं, रंगीत काचेच्या दिव्यांखाली हिंडायचं, खायचं-प्यायचं आणि उघड्यावर घातलेल्या लाकडी फळ्यांवर नाचायचं. मोलकरणी, कारकून, शिंपी, सगळे. "घरी अंग चोरून वावरणारी माणसं गं ती, तिथे गावाकडचे नाच नाचायची," ती सांगायची तेव्हा जणू कालच जाऊन आल्यासारखी सांगायची. त्या बागांमध्ये उंच दोरावरून चालणाऱ्या बायकाही असत. "लोक कौतुकानं नाही, ती पडेल या भीतीनं बघायला यायचे. पण वर तिला स्वतःला काय वाटायचं, हे कुणी विचारलेलंच दिसत नाही." मी म्हटलं, "मला नको बाई असली करमणूक." मी जन्माची भित्री भागूबाई, तिनंच दिलेलं नाव.

मग तिच्या हृदयाची झडप नीट उघडत नाही असं निघालं. ऑपरेशन करायचं, पण तारीख मिळायला वेळ होता. तोवर दम लागेल असं काही करायचं नाही, असं हॉस्पिटलमध्ये बजावलं होतं. श्रावण जवळ आलेला, आणि यंदाची मंगळागौर हॉलमध्ये दारं लावून नाही, पार्कातल्या खुल्या लाकडी स्टेजवर करायची हे तिनं आधीच ठरवलेलं. खेमेन्तेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगीसुद्धा हातात. मी म्हटलं, तू फक्त टाळ्या वाजव. तर ही बया आपल्या हाउसआर्ट्सकडे गेली, नेहमीच्या डॉक्टरकडे, आणि फुगडी चालेल का म्हणून विचारून आली! "चालेल म्हणाले. छान व्यायाम आहे म्हणाले." मला संशय आला. "तू त्यांना फुगडी म्हणजे काय सांगितलंस?" "दोन बायका हात धरून गोल फिरतात." "अगं, त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, तुम्ही बागेत चक्कर मारता!" ती पोट धरून हसली. मी समीरला सांगितलं, तर तो नुसता म्हणाला, "तिला अडवून बघ. मी थकलो."

शेवटी मी एकच अट घातली. तिच्या फुगडीला माझ्याशिवाय कुणी उभं राहायचं नाही. मनात म्हटलं, हळूहळू फिरवीन, पाच-सहा फेऱ्यांत आटपीन. स्टेजवर नऊवारीतल्या आम्ही दहा-बारा जणी, खाली सायकली थांबवून उभे राहिलेले लोक. आम्ही हाताला हात अडकवले, पावलं जुळवली, आणि तिनं मागे झोक घेऊन जो वेग धरला... माझ्या हातात काहीच राहिलं नाही. फुगडी एकटीला थांबवता येत नाही. मी हात सोडला तर ती फेकली जाणार, नाही सोडला तर फिरतच राहणार. तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. खाली टाळ्या, आणि मी आतल्या आत देवीला विनवतेय, आज नको, माझ्या हातात नको. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तीच मंदावली. स्टेजच्या कडेला बसून धापा टाकत राहिली. मी पाणी दिलं आणि ओरडलेच, "मेली असतीस तर?" श्वास जरा सावरल्यावर ती म्हणाली, "तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही? रोज डोळे उघडले की आधी छातीवर हात ठेवते मी. जिना चढताना, आंघोळ करताना, समीर ऑफिसला निघाला की... सारखी वाटते. एक तिथे फिरताना तेवढी नाही वाटली." मी तिचा गार हात चोळत बसले. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. तेवढ्यात एक डच आजी वर चढून हात पुढे करून उभी राहिली. वृंदानं मला ढकललं, "जा, घे तिला."

ऑपरेशनची तारीख मिळाली, पण तिथवर ती पोचली नाही.

परवा समीरकडे गेले होते. चहा घेताना त्याचा फोन एवढ्या मोठ्यानं खणखणला, की आम्ही दोघंही ताडकन उभे राहिलो. कुठलंसं पार्सल आलं होतं. दुखणं कळल्यापासून त्यानं फोन कधी गप्प ठेवला नव्हता, मीटिंगमध्येसुद्धा नाही. न जाणो, तिचा असायचा. माझंही तेच. "आता कमी कर की रे आवाज," मी म्हटलं. तो फोनकडे बघत राहिला. "करायला जातो गं. पण मग कुणासाठी घाबरायचं?"

परतताना गाडीत शांतता पाळायच्या डब्यात बसले होते. माझा फोन वाजला आणि काळजात धस्स झालं, अजूनही होतं. समोरच्या बाईनं खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. मी दोनदा माफी मागितली. आवाज मात्र कमी केला नाही.