गालाला खोकला येत नसतो

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या त्वचेच्या डॉक्टरांइतका तुसडा माणूस अख्ख्या कोथरूडमध्ये नव्हता, आणि कोथरूडमध्ये या बाबतीत स्पर्धा कमी नाही. शेजाऱ्यांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ‘तो नायटेवाला’, ‘त्या कोंड्याच्या बाई’ एवढ्यावर त्यांचं भागे. एका लग्नात नवरदेवाशी हस्तांदोलन करताना त्याचं बोट निरखून म्हणाले, “अंगठीची ॲलर्जी. काढून ठेवा.” अक्षता अजून सगळ्यांच्या केसांत होत्या.

माझी मेहुणी वैशाली खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून अकोल्याहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या गालावर तांबूस चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, पण दरवर्षी थोडा पसरत होता. कुणी नायटा म्हणून मलम दिलं, कुणी इसब म्हणून. एका स्थळाने पोहे खाऊन नकार कळवला, तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला की ती उठून जायची.

जिन्यात मी तिची ओळख करून देणार, तोच डॉक्टर म्हणाले, “मलमं बंद करा. उद्या दवाखान्यात या.”

दवाखान्यात त्यांनी चट्ट्यावर काचेची पट्टी दाबली. लाली ओसरली आणि खाली पिवळट तपकिरी ठिपके दिसले. “इथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. मला कातडीचा टीबी वाटतोय.”

वैशाली पांढरीफटक पडली. “पण मला खोकला नाही!”

“गालाला खोकला येत नसतो. छातीचा फोटोही काढू.”

छाती स्वच्छ निघाली. तुकड्याने मात्र डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरवलं. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. चट्टा फिका पडताच वैशाली त्या सोडायला निघाली. डॉक्टर स्वतः खाली आमच्या घरी आले. “अहो, रोग गेला की नाही हे मी ठरवणार. आरसा नाही!”

औषध संपलं तेव्हा गालावर फिकट वण उरला होता. डॉक्टर तो बराच वेळ बघत राहिले. “लवकर कुणी ओळखलं असतं, तर एवढाही राहिला नसता,” ते हळूच म्हणाले. “वाईट वाटतं हो.” वैशालीला रडू फुटलं, आणि डॉक्टरांना कुठे बघावं ते कळेना.

पुढे ते मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले. ऑफिसच्या कामाने तिकडे गेली की वैशाली त्यांना भेटून येते. गेल्या खेपेला त्यांनी स्वतः तिच्यासाठी चहा केला. साखर घालायला विसरले. तिने काही न बोलता तो सगळा प्यायला.